उसना होकार

“थांबायचं नाही म्हणे वाटेत. आता बसा थांबून!”

अस्मिता वहिनी हे स्टीअरिंगला उद्देशून म्हणाली. आवाज इतका बारीक, की म्हटलं तर स्वतःशी, म्हटलं तर सगळ्यांना. बंद काचांच्या गाडीत चार माणसं बसली की पुटपुटणं लपत नाही. मागच्या सीटवर दर्शनाने ते ऐकलं, तिच्या शेजारी आईने ऐकलं, आणि पुढची डावी सीट मागे पाडून डोळे मिटून पडलेल्या गुरुदादानेही ऐकलं असणार. पण परबांच्या घरात ऐकू न येण्याची कला पिढीजात होती.

गाडी उभी होती घाटाखालच्या बोगद्यात, एका कोनाड्यात. कणकवलीकडून कोल्हापूरला जाणारी माणसं पूर्वी घाटाची वळणं मोजत आणि लिंबू हुंगत वर चढायची. आता डोंगराच्या पोटातून सरळ जातात आणि कंटाळतात. बोगद्याच्या भिंतीत थोड्याथोड्या अंतरावर असे कोनाडे कोरलेले होते. चाकाला काही झालं की गाडी आपणहून आत शिरायची, मागे काचेची भिंत सरकायची आणि छतातून यंत्राचा हात खाली यायचा. हात काम करत असेपर्यंत गाडीची दारं उघडत नसत. दुसरी गाडी बोगद्यात थांबू शकत नव्हती, कोनाड्यात माणूस सोडून पुढे जायला बंदी होती, आणि ओढून नेणारी गाडी यायची ती संध्याकाळी बोगदा धुण्यासाठी वाहतूक थांबवली की मगच. काचेपलीकडून गाड्या सूं सूं करत जात होत्या. सगळं जग कोल्हापूरला पोहोचत होतं, परब सोडून.

दर्शनाच्या गुडघ्यांवर दादाची पाडलेली सीट टेकली होती. “दादा, जरा पुढे घे,” एवढंच म्हणायचं होतं. पण दादा आजारी. आजारी माणसाला काय सांगायचं? तिने पाय आणखी आक्रसून घेतले.

दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, घोटघोट मोजून पाणी, आणि आता ज्या हाताच्या शिरेतून रक्त काढून धुवायचे ती शीरही साथ सोडायला लागली होती. आज संध्याकाळपर्यंत कोल्हापूरच्या हॉस्पिटलात दाखल व्हायचं आणि उद्या ऑपरेशन. बाहेरून येणारे सर्जन एका दिवसापुरते येत होते. ही तारीख हुकली तर पुढची कधी, हे डॉक्टरांनी सांगायचं टाळलं होतं, आणि त्या टाळण्यातच उत्तर होतं. दादाला जी किडनी बसवायची होती ती या घटकेला दर्शनाच्या अंगात, सीटबेल्टच्या थोडी वर, निमूट आपलं काम करत होती.

“पाहणी पूर्ण झाली आहे,” गाडी म्हणाली. आवाज एखाद्या शाळेच्या बाईंचा, गोड आणि न बदलणारा. “चित्र पाहावं.”

पुढच्या काचेवर टायरच्या पोटातलं चित्र उमटलं. काळंभोर, ओलसर, मधे एक पांढरा ठिपका.

“शी, काय ता! आतडीच दिसतत,” आई म्हणाली. आई मालवणीशिवाय दुसरं काही बोलत नसे. मुलं शाळेत गेल्यापासून पुस्तकी मराठीत उत्तरं द्यायची आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम होत्या.

हल्लीच्या टायरला आतून एक कातडी असते. असते रबराचीच, पण तिच्यात केसाहून बारीक तारांचं जाळं विणलेलं असतं. स्क्रू घुसला की नेमक्या त्या जागच्या तारा तुटतात, त्यांच्यातून खेळणारी वीज वळसा घेऊन जाते, आणि कुठे लागलं, किती खोल, किती तिरकं, हे गाडीला तत्क्षणी समजतं. मग हात टायर रिमवरून उतरवतो, जखम आतून घासून साफ करतो आणि छत्रीच्या आकाराचा रबरी तुकडा बसवतो. दांडी भोकात, छत्री आतून चिकटलेली. भोक टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या सपाट भागात असेल तर हिरवा दिवा, खुशाल जा. बाजूच्या भिंतीत असेल तर लाल. भिंत चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि सतत वाकणाऱ्या जागी ठिगळ तग धरत नाही. तो टायर गेला.

परबांचं भोक या दोहोंच्या हद्दीवर होतं. सपाटी संपते आणि भिंत सुरू होते, त्या खांद्याच्या जरा अलीकडे.

“तेवढ्यावर भागलं असतं,” गाडी म्हणाली, “परंतु हा टायर कमी हवेवर बराच काळ चालवला गेला आहे. त्यामुळे भिंत दबून तापली आहे. आतील धाग्यांची झीज नक्की सांगता येत नाही. ठिगळ बसवलं आहे. निकाल पिवळा.”

वहिनीने आरशातून मागे पाहिलं. आईने आरशाकडे पाहायचं टाळलं.

झालं होतं असं, की घाटाच्या पायथ्याशी राखणदाराची, वाटेची राखण करणाऱ्या देवाची, जागा लागते. तिथे उतरून आईने गाऱ्हाणं घातलं होतं. हात जोडून, रीतसर, देवाला महाराजा म्हणत, झिलाला बरा कर, हातापायाला यश दे, वाटेत कसलं विघ्न आणू नको. तिथे जुना कठडा काढून नवा बसवायचं काम चाललं होतं आणि कडेला स्क्रू सांडले होते. विघ्न तिथेच उजव्या मागच्या चाकात शिरलं. थोडं पुढे गेल्यावर गाडी सांगायला लागली की हवा कमी होते आहे, थांबून घ्यावं. वहिनीने वेगही कमी केला. पण आई ठाम. “गाऱ्हाणा घातल्यार वाटेत थांबूचा नाय. काम होयसर थांबूचा नाय.” वहिनी म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं, आई,” आणि गाडीचं तोंड बंद केलं. गाडी गप्प झाली, टायर भाजत राहिला.

“पिवळा म्हणजे आता काय?” दादाने डोळे न उघडता विचारलं.

“कौल,” वहिनी म्हणाली.

गाडीच्या माहितीपुस्तकात त्याला मोठं नाव होतं, पण सिंधुदुर्गातल्या लोकांनी पहिल्याच महिन्यात त्याचं बारसं करून टाकलं होतं. देवळात देवाला पाकळ्या लावून कौल घेतात, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. इथे पाकळ्यांच्या जागी प्रवासी. यंत्राला नक्की सांगता येत नसेल तेव्हा धोका किती ते सांगायचं आणि आत बसलेल्या प्रत्येकाने तो स्वतः पत्करायचा किंवा नाकारायचा, असा कायदा होता. तो आला एका लग्नाच्या बसमुळे. पिवळ्या टायरवर जायचं का, असं ड्रायव्हरने विचारलं तेव्हा नवरीच्या मामाने हो म्हटलं, म्हणून सगळं वऱ्हाड हो म्हणालं. उतारावर टायर फुटला. वाचलेल्यांपैकी एकालाही नंतर आठवेना, की आपण हो का म्हटलं.

“दुरुस्त केलेला हा टायर पुढील प्रवासात फुटण्याची शक्यता शंभरात चार,” गाडी म्हणाली. “प्रत्येकाने आपला निर्णय सांगावा.”

“हो,” दादा म्हणाला.

“हो,” वहिनी.

“होय, होय. चल आता,” आई.

“हो,” दर्शना म्हणाली.

गाडीने चारही होकार तपासले. “एक होकार उसना आहे. कोणाचा, ते दुसऱ्याला सांगितलं जात नाही. स्वतःपुरतं जाणून घ्यायचं असल्यास विचारावं.”

कोणी विचारलं नाही. पण दादाने डोळे उघडले, वहिनीने मान वळवली, आणि दोघांनीही दर्शनाकडे पाहिलं. दर्शनाने स्वतःकडे पाहता येण्यासारखी सोय नव्हती म्हणून मांडीवरच्या पर्सकडे पाहिलं.

उसना होकार ही काही जादू नव्हती. माणूस स्वतः ठरवून बोलतो तेव्हा शब्दाच्या आधीचा श्वास एका तऱ्हेने घेतला जातो, गळ्याचे बारीक स्नायू एका तऱ्हेने तयार होतात. दुसऱ्याने ठरवलेलं बोलतो तेव्हा शरीर निमिषभर त्या दुसऱ्याची वाट पाहतं. कानाला तो फरक कळत नाही, पण हजारो माणसांचे हजारो होकार ऐकलेल्या यंत्राला कळतो. खोटं त्याला पकडता येत नाही. भीतीचं त्याला वावडं नाही, घाबरत घाबरत का होईना, होकार आपला असला की पुरे. त्याला नको असतो तो फक्त दुसऱ्याकडून आणलेला.

आणि दर्शनाचे होकार सगळे तिकडूनच आलेले. कॉलेजची शाखा, लग्न, लग्नानंतर सोडलेली नोकरी, परत धरलेली नोकरी, पडद्यांचा रंग. “तुम्ही म्हणाल तसं” हे तिचं वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं की ते उच्चारायला तोंड उघडावंही लागत नसे. लोक तिला स्वभावाने गरीब म्हणत. ती स्वतः त्याला वेळेची बचत म्हणे.

“दर्शा,” दादा हळू म्हणाला, “टायरचं आहे फक्त. घाबरू नको.”

“मी कुठे घाबरले?”

“मग नीट म्हण ना, हो म्हणून,” वहिनी म्हणाली. “पोटातून म्हण.”

पोटातून हा शब्द वहिनीच्या तोंडून निसटला आणि गाडीत पुन्हा कोणालाच काही ऐकू आलं नाही.

दर्शनाने नवऱ्याला फोन लावला. हेमंत सावंतवाडीत होता, मुलीची बारावी म्हणून मागे राहिलेला. तिने सगळं सांगितलं. तो बराच वेळ हूं हूं करत राहिला.

“तुझ्या माहेरचा मामला आहे गं. मी काय बोलणार? आई काय म्हणतायत?”

“आई हो म्हणतेय.”

“मग झालं तर!”

तिने फोन ठेवला. दुसरी फेरी झाली. चार हो. “एक होकार उसना आहे,” गाडी म्हणाली. त्याच गोडव्याने.

“ह्यो खयचो देव म्हणूचो?” आई चिडली. “आमच्या देवाक एकदा इचारला की पुरता. ह्येका सतरांदा!”

दादाने ओठांवरून जीभ फिरवली. वहिनीने बाटलीच्या झाकणात पाणी ओतून त्याच्या हातात दिलं. एक झाकण, त्याहून नाही. तो ते तोंडात धरून बसला, गिळायला जिवावर आल्यासारखा. त्याच्या मनगटावरची फुगलेली शीर दर्शनाला सीटच्या फटीतून दिसत होती. लहानपणी याच हाताने त्याने तिला सायकल शिकवली होती आणि पडल्यावर तिच्याआधी स्वतः रडला होता. मला विचारलं असतं तर मी दिली असती, तिच्या मनात आलं. कदाचित चार रात्री जागून, कदाचित भांडून. पण दिली असती.

विचारलं मात्र कोणी नव्हतं. तपासणीचा निकाल आला त्या दिवशी ती माहेरी गेली तेव्हा आई नारळ खवत होती. “तुझी जुळली गो,” आई म्हणाली आणि खवत राहिली. दर्शनाने समोरची कोथिंबीर निवडायला घेतली. झाला निर्णय. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून विचारलं होतं, कोणाचा दबाव नाही ना? तिने नाही म्हटलं आणि त्यांनी सही घेतली. माणसाच्या कानाला उसनं-नगद कळत नाही. किडनीचं एका होकारात भागलं होतं, टायरचं दोन फेऱ्यांत भागेना.

आणि आणखी एक गोष्ट होती. पहिल्या चाळणीत रक्तगट वगैरे जुळतात त्यांनाच दुसऱ्या तपासणीला बोलावतात. देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त एकत्र करून ते एकमेकांशी भांडतं का, ते बघतात. दर्शना त्या दुसऱ्या तपासणीला गेली तेव्हा प्रयोगशाळेच्या जिन्यात वहिनी खाली उतरताना दिसली होती. एकटी, बाही वर केलेली, कोपरावर कापसाचा बोळा दाबून धरलेला. दोघी एकमेकींना बघून थांबल्या. “जेवलीस का?” वहिनीने विचारलं. “जेवले,” दर्शना म्हणाली. दोघी आपापल्या वाटेने गेल्या.

त्यानंतर वहिनीचीही जुळली का, ते दर्शनाला विचारता आलं नव्हतं. विचारावं तर वाटणार, ही अंग काढून घेतेय. न विचारावं तर उद्या सकाळी ती टेबलावर. या कोनाड्यातून निघायला निदान यंत्र मदत करत होतं. त्या दुसऱ्या कोनाड्याला दारच नव्हतं.

“आता शेवटची विचारणा राहिली आहे,” गाडी म्हणाली. “त्यानंतर संध्याकाळच्या ओढगाडीसाठी नोंद होईल.”

“म्हणजे संपलं,” दादा छताकडे बघत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच दर्शनाला सोसलं नाही.

“दादा, सीट पुढे घे,” ती म्हणाली. “माझे गुडघे दुखतायत.”

दादाने चमकून सीट उभी केली. दर्शनाने पाय पसरले, पुढे वाकली आणि पहिल्यांदाच ते चित्र, त्याखालच्या झिजेच्या खुणांच्या यादीसकट, नीट पाहिलं.

“तू सांग,” ती गाडीला म्हणाली, “भिंत कुठे झिजलीय ते दिसतंय का? आत रबराचा भुगा पडलाय? काळं कडं उमटलंय?”

“भुगा नाही. कडं फिकट आहे.”

“ठिगळ धरलंय?”

“धरलं आहे. हवा भरून पाहिली आहे, गळती नाही.”

“वेग निम्मा ठेवला तर?”

“भिंत कमी तापेल. धोका शंभरात एकाच्या खाली येईल.”

“आणि एवढं करून फुटलाच?”

“मागचं चाक आहे. त्या वेगात गाडी एका बाजूला बसेल. उलटण्याची शक्यता फार कमी.”

“वाटेत हवा कमी व्हायला लागली तर सांगशील?”

“सांगेन. त्या वेळी थांबावं लागेल.”

“थांबू,” दर्शना म्हणाली. “आई काहीही म्हणाली तरी थांबू.”

वहिनीच्या पाठीला कसलीशी उबळ आली, ते हसू होतं की काय, समजलं नाही. आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. कोनाड्याच्या भिंतीवर न्याहाळण्यासारखं काही नव्हतं.

दर्शनाने विचार केला. खरोखरचा, बाजारात पापलेट उलटंपालटं करून बघतात तसा. गाडी इथेच रखडली तर दादाची तारीख जाते. हळू गेलो तर पोहोचू. धोका आहे, पण कळलेला आहे. या टायरवर आपण जाऊ शकतो. पुढे हॉस्पिटलात काय व्हायचं ते पुढे. हे मात्र तिचं स्वतःचं मत होतं, आणि त्याची चव तिला जरा अनोळखी लागली.

“विचार आता,” ती म्हणाली.

दादा हो म्हणाला. वहिनी हो म्हणाली. आई, “होय.” दर्शना म्हणाली, “हो. हळू जायचं या अटीवर.”

काचेपलीकडून एक लांबलचक कंटेनर गेला, त्याचे दिवे चौघांच्या तोंडांवरून सरकले.

“एक होकार उसना आहे.”

वहिनीने स्टीअरिंगवर कपाळ टेकलं. दादाने मागे वळून दर्शनाकडे पाहिलं. डोळ्यांत तक्रार नाही, नुसती माफी मागितल्यासारखं काहीतरी. दर्शनाचा चेहरा तापला. असं कसं? आयुष्यात एकदा स्वतः ठरवलं आणि तेही पटेना?

“माझा?” तिने विचारलं. आवाज चिरका निघाला. “माझा होकार कसा आहे?”

“तुमचा होकार तुमचाच आहे,” गाडी म्हणाली.

मग वहिनीने कपाळ न उचलता विचारलं, “माझा?”

“तुमचा होकार तुमचाच आहे.”

“गुरुनाथ परब. माझा?”

“तुमचा होकार तुमचाच आहे.”

तिघांनीही लगेच आईकडे बघितलं नाही. परबांच्या घरात बघण्यालाही रीत होती. दर्शनाला फक्त शेजारून आईचा श्वास ऐकू येत होता, पायऱ्या चढून आल्यासारखा.

“आई,” दादा म्हणाला, “तुला नाही जायचं?”

“माका इचारूची काय गरज? मी देवाक सांगून आयलंय.”

“देवाला काय सांगितलंस ते ऐकलं सगळ्यांनी. तुला काय हवंय?”

“तू बरो होवक होयो. आणि काय होया माका?”

“मग पुढे का नको?”

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. वहिनी वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती अगदी बारीक मान हलवत होती, नको, नको, सासूला काहीतरी थांबवत असल्यासारखी. ते दर्शनाला दिसलं. आईलाही दिसलं.

“नको कित्याक?” आई सुनेला म्हणाली. “किती दिवस गप बसतलंस तू? माझा आयकून?”

“आई, राहू दे,” वहिनी म्हणाली.

“रवूचा नाय आता.” आईने हात पुढे केला आणि दर्शनाच्या गुडघ्यावर ठेवला, जिथे मघापासून सीट रुतली होती तिथेच. “दोघींची जुळली. हिची पण जुळता. हीच म्हणालेली पयली, मी देतंय म्हणून. मीच तिका सांगलंय, गप रव. सून म्हटल्यार दुसऱ्याचा चेडू, दुसऱ्याची लेक, तिच्या आवशीबापाशीक मी खयच्या तोंडान सांगतलंय? आपल्या चेडवाचा काय, आपलाच ता, म्हणान धरून चललंय. तेच्यासाठीच पुढे जावक माझा मन होणा नाय.” तिने दर्शनाकडे पाहिलं. खूप वर्षांनी सरळ पाहिलं. “दर्शा, तुका मी इचारूकच नाय गो.”